ऐकू येतंय, पण उमजंना

मागच्या दिवाळीत बोनस जमा झाला आणि त्याच रात्री मी एक्सेल उघडलं. घरच्या होम थिएटरसाठी रिसीव्हर घ्यायचा होता. डावीकडे चौदा मॉडेलं, वर एकवीस रकाने: वॅट किती, चॅनल किती, ॲटमॉस आहे का, डीटीएस-एक्स आहे का, एचडीएमआयची तोंडं किती, एट-के चालतं का. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांना भार, शेवटी बेरीज. इंजिनिअरिंगची चार आणि नोकरीची सहा वर्षं माझ्यावर हाच संस्कार झालाय. मोजता येतं त्याची शीट करायची, आणि शीट सांगेल ते खरं मानायचं.

त्या एकवीस रकान्यांत 'अण्णांना कळेल का?' असा एकही रकाना नव्हता.

यंत्र बसणार होतं पळसदेवच्या घरात. त्या टीव्हीसमोर रोज तीन-चार तास बसतात ते अण्णा, माझे वडील. मी पुण्याहून महिन्यातून दोनदा जातो आणि त्यातला निम्मा वेळ मोबाईलवर असतो. जो वापरणार त्याला न विचारता फीचर ठरवायची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना गुन्हा. ऑफिसात त्यावरून आम्ही एकमेकांची टिंगल करतो. घरी मी तोच गुन्हा केला, आणि वर त्याला 'रिसर्च' म्हणालो.

हा लेख त्या शीटच्या विरोधात आहे. माझ्या, आणि तुमच्याही. कारण तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता तसली एखादी तुलना उघडी असणार, याची मला खात्री आहे.

अण्णांचा कान

पळसदेव म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गावरचं, उजनीच्या फुगवट्याच्या काठचं गाव. जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि रील काढणाऱ्यांची गर्दी होते. अण्णांची पिठाची गिरणी नव्या गावठाणातली. पत्र्याचं शेड, मोटार, पट्टा, दगड. तीस वर्षं त्यांनी ती चालवली. ओट्यावर गप्पा मारत बसले तरी टोपल्यातला दाणा संपत आला की दगडाचा बदललेला आवाज त्यांना आधी कळायचा, बोलणं अर्धवट टाकून ते आत पळायचे. त्या कानावर आमचं घर चाललं, आणि त्या तीस वर्षांनीच तो कान खाल्ला.

आता ते टीव्हीचा आवाज साठावर ठेवतात. आई वैतागते. मी पहिल्यांदा विचारलं, "अण्णा, ऐकू येत नाही का?" तेव्हा ते म्हणाले, "ऐकू येतंय रं, पण उमजंना."

मला वाटलं, टाळतायत. नंतर वाचलं तेव्हा कळलं की याहून नेमकं वर्णन कुठल्या पुस्तकातही सापडणार नाही. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. पहिला खड्डा पडतो तो साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास. वयाने वरच्या पट्टीतलं आणखी जातं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, जोरकस असतात, ते पोचतात. स, श, त, थ, क, फ यांची ओळख पटवणारा आवाज मात्र वरच्या पट्टीत, साधारण दोन ते आठ हजार हर्ट्झमध्ये असतो आणि तो मुळातच नाजूक असतो. साप, ताप, थाप, शाप, काप: अण्णांना यातलं 'आप' ऐकू येतं. पहिलं अक्षर गिरणीच्या पट्ट्यात अडकलेलं असतं.

अशा कानाला आवाज वाढवून फारसा फायदा होत नाही, कारण बटण फिरवलं की सगळंच वाढतं. स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढतं, ढोल वाढतो. त्यात खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतला बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणजे ज्या घुमणाऱ्या सबवूफरवर आपण फिदा असतो, तोच अण्णांचा 'त' आणि 'स' गिळतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला ठाऊकच नव्हती. अशा माणसाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तुमच्या-माझ्याइतकाच टोचतो. त्याची आवाजाची खिडकी खालच्या बाजूने अरुंद झालेली असते. म्हणून अण्णा मालिकेतल्या बोलण्याला आवाज वाढवतात आणि जाहिरात लागली की घाईघाईने कमी करतात. आम्हाला तो त्यांचा चिडचिडेपणा वाटायचा.

हे सगळं समजल्यावर मी पुन्हा त्या शीटकडे बघितलं. एकवीस रकाने, आणि त्यातले वीस माझ्यासाठी.

वॅटची बढाई

आधी वॅटचा हिशोब करू, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथेच आहे.

आमच्या लहानपणी घरात एक टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावर चंदेरी स्टिकर होतं, पीएमपीओ अमुक हजार वॅट. मागच्या बाजूला मात्र वीज किती खातो ते लिहिलेलं, पंचवीस वॅट. पंचवीस वॅट खाणारा डबा हजार वॅट बाहेर कसे टाकतो, हा प्रश्न मला इंजिनिअरिंगला गेल्यावर पडला. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती. ज्याला जो आकडा बरा वाटला तो त्याने छापला.

आज रिसीव्हरच्या खोक्यावर पीएमपीओ नसतं, पण लबाडी त्याच घराण्यातली आहे. मी एका मॉडेलची माहिती नीट वाचली. खोक्याच्या दर्शनी बाजूला प्रत्येक चॅनलला दीडशे वॅट. बारीक अक्षरांत: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १० टक्के, एकच चॅनल चालू. म्हणजे एकच स्पीकर वाजतोय, एकाच सुरावर, आणि आवाज दहा टक्के फाटेपर्यंत ताणलाय. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत त्याच यंत्राचा दुसरा आकडा: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू, ऐंशी वॅट. पाचही स्पीकर एकदम वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी.

अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या वॅटची जाहिरात कशी करायची यावर १९७४ पासून सरकारी नियम आहे. २०२४ मध्ये तो सुधारला आणि ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत, अशा अटी घातल्या. एका देशाला पन्नास वर्षं हा नियम सांभाळावा आणि वर घट्ट करावा लागतो, यावरून या आकड्याची लायकी ओळखा.

आता खरा हिशोब. मध्यम दर्जाचा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, साधारण ८७ डेसिबल आवाज देतो. सोफा तीन मीटरवर असेल तर त्यातले नऊ-साडेनऊ डेसिबल वाटेत जातात. उरले ७७-७८. समोरासमोरचं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे दोन माणसं बोलतायत असा प्रसंग ऐकायला एका वॅटचा साधारण पन्नासावा भाग पुरतो. मारामारीत आवाज नव्वदपर्यंत उसळला, तरी क्षणभर अठरा-वीस वॅट.

आणि वॅट दुप्पट केले तर किती वाढतो आवाज? तीन डेसिबल. जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ऐंशी वॅटच्या जागी शंभर वॅटचं मॉडेल घ्यायला आपण जे दहा-पंधरा हजार जास्त मोजतो, त्याच्या बदल्यात एक डेसिबलही मिळत नाही.

हे आपल्याला कळत नाही असं नाही. आपल्याला वॅट ऐकायचे नसतातच, सांगायचे असतात. मिरवणुकीत डीजेची भिंत किती उंच होती यावर मंडळाची इज्जत ठरते, तसंच घरात 'किती वॅटचं?' यावर आपली. देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांत, म्हणजे २००० सालच्या नियमांत, निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ज्या गावात आपण त्या भिंतीला नावं ठेवतो, त्याच गावात तिची धाकटी बहीण आपण आपल्या हॉलमध्ये हप्त्यावर आणतो.

चॅनलची चढाओढ

वॅटनंतर चॅनल. पाच पुरत नाहीत म्हणून सात, सात पुरत नाहीत म्हणून छतात चार. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहात आला, २०१४ मध्ये घरात. डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, पाऊस छतावर पडतो. छान असतं, मी नाकारत नाही.

पण अण्णा काय बघतात? मालिका, बातम्या, यूट्यूबवरचं कीर्तन, कुस्त्यांचं मैदान, रविवारी एखादा जुना चित्रपट. यातलं बहुतेक सगळं दोन चॅनलचं, साधं स्टिरिओ. कीर्तनात डोक्यावरून काही जात नाही. गेलंच तर निरूपण जातं, तेही आवाज नीट न आल्यामुळे.

सराउंडमध्ये ज्या एका स्पीकरवर सगळ्यात कमी बोललं जातं, तो म्हणजे सेंटर, टीव्हीच्या बरोब्बर खाली असतो तो. ५.१ मध्ये मिसळलेल्या चित्रपटात बोलणं बहुतांशी याच एका स्पीकरमधून येतं. संगीत आणि बाकीचा कल्ला डाव्या-उजव्या आणि मागच्या स्पीकरांत. म्हणजे रिसीव्हर घेण्याचं खरं कारण इथे आहे: बोलणं आणि कल्ला यांचे नळ वेगळे होतात आणि बोलण्याचा नळ तेवढा मोठा सोडता येतो. टीव्हीच्या एकाच बटणाला हे जमत नाही.

साध्या स्टिरिओतही हे बऱ्याच अंशी जमतं. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे, आणि बोलणं बहुधा तसं असतं, ते ओळखून सेंटरला पाठवायची सोय आजच्या रिसीव्हरमध्ये असते. डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल-एक्स अशी तिची नावं. छतातल्या चार स्पीकरांसाठी ज्यांनी पन्नास हजार बाजूला काढलेत, त्यांनी त्यातले पंधरा-वीस हजार चांगल्या सेंटर स्पीकरला द्यावेत आणि उरलेले घरी न्यावेत.

दुकानात

डिसेंबरात मी अण्णांना पुण्यातल्या एका शोरूममध्ये घेऊन गेलो. काळी भिंत, मऊ खुर्च्या, गालिचा. विक्रेत्याने सगळ्यात महागडं, अकरा चॅनलचं यंत्र लावलं. काचा फुटल्या, हेलिकॉप्टर गेलं, खुर्ची थरथरली.

"काका, कसं वाटलं?"

"लय मोठं हाय," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "ती बाई दारात काय म्हणली?"

विक्रेता हसला. त्याच्याकडे डेमोसाठी शांतपणे बोलण्याचा एकही प्रसंग नव्हता. का असेल? स्फोटाने यंत्र विकलं जातं, बोलण्याने नाही.

मी लॅपटॉप जोडला आणि एका मराठी चित्रपटातला जेवणाचा प्रसंग लावला. तीन माणसं, भांड्यांचा आवाज, मागे संगीत. एकेका वाक्याला थांबवून अण्णांना विचारायचं, काय म्हणाले? दहा वाक्यं. महागडं यंत्र, कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर: चार बरोबर.

मग दुसरा प्रसंग, त्याच तऱ्हेचा, आणि साधं ५.१ चं यंत्र. सेंटर चार डेसिबल वर, सबवूफर खाली, मोठ्या-लहान आवाजातली दरी कमी करणारी सोय चालू: आठ बरोबर.

मी खूश झालो. पण प्रयोग अर्धाच झाला होता. तिसऱ्या प्रसंगाला मी तीच सेटिंग महागड्या यंत्रावर केली. पुन्हा आठ.

तीस वाक्यांवरून शास्त्र उभं राहत नाही, हे मलाही कळतं. पण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. फरक यंत्राने पडला नव्हता, सेटिंगने पडला होता. दोन यंत्रांमधले ऐंशी हजार रुपये अण्णांच्या एकाही शब्दाला लागले नव्हते. मी स्वस्तातलं घेतलं.

गोधडी

घरी आणलं आणि आठाचे पुन्हा पाच झाले.

शोरूममध्ये गालिचा होता. आमचा हॉल म्हणजे स्लॅब, चकचकीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेचा शोकेस. गेल्या दहा वर्षांत गावात जी घरं झाली ती सगळी अशीच. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, झणकार ऐकू येईल. तोच झणकार प्रत्येक 'त'च्या शेपटीला चिकटतो आणि पुढच्या 'स'वर सांडतो. धडधाकट कान तो निवडून काढतो. अण्णांच्या कानाला ते जमत नाही.

रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन मिळतो. तो सोफ्यावर ठेवला की यंत्र खोली मोजतं आणि स्वतःला जुळवून घेतं. कुणाचं ऑडिसी, कुणाचं डिराक, कुणाचं वायपीएओ. उपयोगाची गोष्ट आहे: स्पीकरांची अंतरं आणि पातळ्या जुळतात, खालच्या पट्टीतला घुमारा बराच आवरतो. पण भिंतीवर आपटून आलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर परत घेऊ शकत नाही. सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरणारा माणूस हे सांगतोय.

आईने ट्रंकेतून दोन जाड गोधड्या काढल्या. सोफ्यामागच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे दांडी लावून त्या टांगल्या. खाली सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला. कापडाने घुमारा जात नाही, पण वरच्या पट्टीतला झणकार मरतो, आणि आम्हाला तोच मारायचा होता. अण्णा पुन्हा आठावर आले. खर्च: दांडी आणि चार खिळे.

माझ्या शीटमध्ये 'रूम करेक्शन' या रकान्याला पंधरा टक्के भार होता. गोधडीला शून्य.

मग रिसीव्हर बघायचा कसा?

वॅट आणि चॅनल सोडून दिले तर विचारायचं काय? माझे प्रश्न आता हे आहेत.

सेंटरचा आवाज रिमोटवरून दोन-तीन बटणांत वाढवता येतो का? काही यंत्रांत तो मेनूच्या पाचव्या मजल्यावर असतो. अण्णा तिथे चढणार नाहीत.

मोठा-लहान आवाज जवळ आणायची सोय, जिला बहुधा 'नाइट मोड' म्हणतात, कुठल्या आवाजावर चालते? काही ठिकाणी ती फक्त डॉल्बीच्या सिग्नलवर चालते. यूट्यूबच्या साध्या स्टिरिओवर तिचा उपयोग नाही. अण्णांच्या अरुंद खिडकीसाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि दुकानात तिचं नाव कुणी काढत नाही.

आवाज आणि ओठ जुळतात का? कमी ऐकू येणारा माणूस ओठ वाचत असतो, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. टीव्ही चित्र नटवण्यात थोडा वेळ घालवतो, आवाज आधी पोचतो. रिसीव्हरमध्ये आवाज मिलिसेकंदांनी मागे ठेवायची सोय असते. ती वापरा.

एका रिमोटवर चालतो का? टीव्हीच्या ज्या एचडीएमआय तोंडावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय तिथे वायर जोडली आणि टीव्हीतली सीईसीची सोय चालू केली की टीव्हीबरोबर रिसीव्हर सुरू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज बदलतो. आईला तीन रिमोट दिलेत तर ती तिन्ही बाजूला ठेवून टीव्हीचाच आवाज लावेल. बरोबरच आहे तिचं.

बिघडला तर कुठे न्यायचा? आठ-दहा किलोचं धूड एसटीत घालून पुण्याला न्यायचं की बारामतीत कुणी हात लावणार? आणि तो ठेवणार कुठे? रिसीव्हर तापतो. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद शोकेसमध्ये ठेवलात तर भाजून निघेल. वर वीतभर मोकळी जागा सोडा, आणि व्होल्टेज नाचत असेल तर आधी स्टॅबिलायझर घ्या.

यातला एकही प्रश्न खोक्यावरच्या आकड्यांनी सुटत नाही.

तुम्ही म्हणाल

तुम्ही म्हणाल, मग साउंडबार का नको? घ्या की! ज्यात सेंटरचं चॅनल वेगळं आहे आणि ते वेगळं वाढवता येतं, असा साउंडबार कित्येक घरांना पुरतो. माझं भांडण रिसीव्हर न घेणाऱ्यांशी नाहीच. स्फोट ऐकून घेणाऱ्यांशी आहे.

तुम्ही म्हणाल, ही हौस आहे आणि हौसेला मोल नसतं. मान्य. तुमची स्वतःची खोली असेल, तुमचे कान शाबूत असतील, तर लावा अकरा स्पीकर. पण आपण पुण्या-मुंबईत राहून गावच्या घरी यंत्रं पाठवतो, तेव्हा हौस आपली असते आणि संध्याकाळ त्यांची. फोटो आपण टाकतो, पुढचे तीनशे चाळीस दिवस ते काढतात.

आणि तुम्ही म्हणाल, अण्णांना रिसीव्हर नाही, श्रवणयंत्र हवं. इथे मात्र मी गप्प होतो, कारण तुमचं खरं आहे. रिसीव्हर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. तो टीव्हीपुरता. फाटकातून हाक मारणाऱ्या शेजाऱ्यासाठी, फोनवरच्या नातीसाठी तो काही करत नाही. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करायला हवी होती. मी आधी एक्सेल केलं.

अण्णांना विषय काढला तर म्हणाले, "म्हाताऱ्यागत कानात काय घालून फिरू?" ज्या पारावर ते बसतात तिथली निम्मी पोरं दिवसभर कानात पांढरे बोळे घालून बसलेली असतात. गाणी ऐकायला कानात घातलं तर फॅशन, माणसं ऐकायला घातलं तर लाज. ही लाज अण्णांनी एकट्याने तयार केलेली नाही. ऐकू न येण्यावर आपण किती विनोद केलेत ते आठवा.

शेवटचा प्रसंग

'सैराट' २०१६ चा. त्याची बोली आमच्या समोरच्या काठाची, भीमेपलीकडच्या करमाळ्याकडची. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. म्हणजे कुणाला स्पीकरची मिजास दाखवायची असेल तर त्यात भरपूर सोय आहे. पण ज्यासाठी तो चित्रपट लक्षात राहतो, त्या शेवटाला आवाजच नाही. मूल चालत बाहेर येतं आणि काहीही ऐकू येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी तो टीव्हीवर लागला होता. तो शेवट आला आणि अण्णा म्हणाले, "आवाज गेला का रं?" आईने रिमोट दाबत आवाज शंभरावर नेला. मग जाहिरात लागली आणि सगळे दचकलो. आम्ही हसलो. मीही हसलो. अडीच-तीन तासांच्या चित्रपटातलं निम्मं बोलणं ज्याला कळलंच नव्हतं, त्याला ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे हे कुठून कळणार होतं? त्याच्यासाठी सगळा चित्रपटच अधूनमधून आवाज जाणारा होता.

संक्रांतीला गेलो तेव्हा तो पुन्हा लावला. गोधड्या, सेंटर चार डेसिबल वर. आवाज पस्तीसवर. आर्चीच्या बोलण्याला अण्णा दोनदा मोठ्याने हसले. दोन ठिकाणी विचारलं, "काय म्हणला?" बाकी विचारलं नाही. शेवट आला. रिमोट त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

तेव्हा दुकानात जाल तर एकटे जाऊ नका. घरातलं सगळ्यात कमी ऐकू येणारं माणूस बरोबर न्या. विक्रेत्याला सांगा, हेलिकॉप्टर नको, दोन माणसं जेवताना बोलतायत असं काहीतरी लावा. वाक्य संपलं की थांबवा आणि त्या माणसाला विचारा, काय म्हणाले? त्यांनी उत्तर दिल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका.

ऑडिओमेट्रीची तारीख अजून ठरायची आहे. अण्णा म्हणतात, उसाला तोड येऊन जाऊ दे, मग बघू. मी दर रविवारी फोनवर विचारतो. परवा त्यांना ते नीट कळलं नाही, म्हणून आईने त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.